बेडकाच्या कातडीपासून ताईच्या टॉवेलपर्यंत: मेलाटोनिन आणि केसांची गोष्ट

लोकलमध्ये, ऑफिसच्या बसमध्ये आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून भाग लिहूनही टाकत जा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. तर हा या आठवड्याचा भाग, लिहून काढलेला. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळजवळ तसंच आहे.

विषय निघाला माझ्या ताईमुळे. तिला मुलगी झाली त्याला आता साडेचार महिने झाले. तीन आठवड्यांपूर्वी रात्री साडेअकराला तिचा एक फोटो आला. पांढरा टॉवेल, त्यावर केसांचा पुंजका आणि खाली आकडा: १३७. ताई सीए आहे, त्यामुळे केससुद्धा मोजून पाठवले होते. दुसरा फोटो एका बाटलीचा. मेलाटोनिन हेअर सीरम. आणि तिसरा मेसेज: "तू इंजिनिअर आहेस ना, जरा बघ आणि सांग. मागवलंय मी आधीच."

"तू इंजिनिअर आहेस ना" या वाक्याचं ओझं घरोघरच्या बीटेकवाल्यांना ठाऊक असेल. वायफाय, प्रिंटर, बाबांचं युपीआय, आणि आता केस. माझं काम सर्व्हर सांभाळायचं. मेलाटोनिन मला माहीत होतं ते फक्त झोपेच्या गोळीमुळे, कारण ऑन-कॉलच्या आठवड्यात रात्री तीनला अलर्ट वाजून झोपेचं खोबरं झालं की आमच्या टीममधले निम्मे लोक तीच गोळी घेतात. त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला, की झोपेची गोष्ट डोक्याला चोळून केस कसे येणार? शोधायला बसलो आणि माझा प्रश्नच उलटा निघाला. मेलाटोनिन आधी कातडीचं होतं. झोपेचं ते फार नंतर झालं.

तर चला मागे, १९१७ साली, अमेरिकेत.

आपल्या मेंदूच्या मधोमध वाटाण्याहून लहान एक ग्रंथी असते, पीनियल. ही तीच, जिच्यात देकार्तने सतराव्या शतकात आत्म्याचं ठिकाण शोधलं, आणि जिला आज व्हॉट्सॲपवर 'तिसरा डोळा' म्हणून फिरवतात. १९१७ मध्ये ती काय करते हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. कॅरी मॅककॉर्ड आणि फ्लॉइड ॲलन या दोघांनी गुरांच्या मेंदूतल्या या ग्रंथीचा अर्क काढला आणि बेडकाच्या पिल्लांना, म्हणजे टॅडपोलना, खाऊ घातला. थोड्याच वेळात त्या काळपट पिल्लांचा रंग उडाला. इतका, की कातडीतून आतले अवयव दिसायला लागले. बेडकाच्या कातडीत रंगाचे कण असलेल्या पेशी असतात. कण पसरले की कातडी गडद, मध्यभागी गोळा झाले की फिकट. अर्कातलं काहीतरी त्या कणांना गोळा व्हायला लावत होतं. काय, ते कळलं नाही, आणि पुढची चाळीस वर्षं या निरीक्षणाकडे फारसं कुणी वळून बघितलं नाही.

मग आले ॲरन लर्नर. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, की मेलाटोनिन शोधणारा माणूस झोपेचा डॉक्टर नव्हता, मेंदूचाही नव्हता, कातडीचा होता. कोड आणि त्वचेच्या रंगाचे आजार हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. बेडकाचा रंग बदलणारं ते रसायन हाती लागलं तर माणसाच्या त्वचेवर इलाज मिळेल, ही त्यांची आशा. त्यासाठी त्यांच्या गटाने कत्तलखान्यांतून गुरांच्या पीनियल ग्रंथी आणवल्या. किती? जवळपास अडीच लाख. चार वर्षं हे चाललं होतं. ग्रंथी वाटा, गाळा, वेगळं करा, बेडकाच्या कातडीवर टाकून बघा, परत गाळा. शेवटी हातात उरला तो मायक्रोग्रॅममध्ये मोजावा एवढा पदार्थ. १९५८ मध्ये त्यांनी तो जाहीर केला आणि नाव ठेवलं मेलाटोनिन. 'मेला' हे मेलॅनिनमधलं, म्हणजे त्वचेच्या रंगाचं. 'टोनिन' हे सेरोटोनिनमधलं, कारण रसायन त्याच्याच कुळातलं. नावात झोपेचा मागमूस नाही.

आणि मग त्यांनी ते माणसांना दिलं. काय झालं? रंग बदलला नाही. थोडी गुंगी आली, एवढंच. माणसाच्या रंगपेशी बेडकासारख्या वागतच नाहीत, त्यांच्यातले कण असे झटपट गोळा होत नाहीत. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे, "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय." बेडकावर चालत होतं.

लर्नर यांनी हे एवढ्यावर सोडलं नाही, याचं मला कौतुक वाटतं. १९७७ मध्ये, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी, त्यांनी आणि जेम्स नॉर्डलंड यांनी त्वचा गडद झालेल्या पाच जणांना रोज १ ग्रॅम मेलाटोनिन तोंडाने दिलं, साधारण महिनाभर. आज दुकानात मिळणारी गोळी ३ किंवा ५ मिलिग्रॅमची असते. म्हणजे दिवसाला दोनशे-तीनशे गोळ्या! तरी बहुतेकांचा रंग होता तसाच राहिला. पेंग मात्र आली. ज्या गुंगीकडे लर्नर दुष्परिणाम म्हणून बघत होते, तिच्यावर पुढे अख्खी बाजारपेठ उभी राहिली. पण ती गोष्ट आपण थोडक्यात उरकू: अंधार पडला की पीनियल मेलाटोनिन सोडते, प्रखर उजेडाने ते थांबतं हे १९८० मध्ये माणसांत दिसलं, १९९४ साली अमेरिकेत पूरक आहाराचा कायदा सैल झाला, १९९५ मध्ये मेलाटोनिनला 'चमत्कार' म्हणणारं पुस्तक आलं, आणि गोळी किराणा दुकानात पोहोचली. संपलं.

आपल्याला जायचंय केसांकडे. तिथली वाट प्राण्यांमधून जाते.

थंड प्रदेशात वीझल नावाचा मुंगसासारखा लहान प्राणी असतो. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात बर्फासारखा पांढरा. १९६९ मध्ये चार्ल्स रस्ट आणि रोलंड मायर यांनी वसंत ऋतूत या प्राण्यांच्या अंगात मेलाटोनिन ठेवलं. ज्यांना दिलं नव्हतं ते नेहमीप्रमाणे उन्हाळ्याच्या तपकिरी केसांत स्थिरावले. ज्यांना दिलं त्यांच्या अंगावर पुन्हा पांढरे, हिवाळी केस उगवायला लागले. बाहेर उन्हाळा येतोय आणि प्राणी हिवाळ्याचे कपडे घालतोय!

हे असं का, ते विचार केला तर सोपं आहे. रात्र मोठी तर मेलाटोनिन जास्त वेळ वाहतं. शरीरासाठी तो संदेश आहे: रात्री लांबल्या, थंडी येतेय, केस वाढवा. प्राण्याला कॅलेंडर लागत नाही, त्याच्या रक्तातच ते चालू असतं. फरच्या धंद्याने हे पुढे हेरलं. मिंकच्या कातडीखाली उन्हाळ्यात मेलाटोनिनचा तुकडा बसवायचा, की हिवाळी फर काही आठवडे आधी तयार होते, तेवढा खाण्याचा खर्च वाचतो. काश्मिरी लोकर देणाऱ्या बकऱ्यांवरही प्रयोग झाले. पॉमेरेनियन कुत्र्यांमध्ये अंगावरचे केस झडण्याचा एक आजार असतो, त्यावर प्राण्यांचे डॉक्टर आजही मेलाटोनिन देऊन बघतात, आणि काही कुत्र्यांना केस परत येतातही. म्हणजे मेलाटोनिनचा आणि केसांचा संबंध थाप नाही. तो खरा आहे. प्रश्न एवढाच, की आपण मिंक आहोत का?

थोडेसे आहोत. म्हणजे आपले केस मिंकसारखे एकदम झडत नाहीत, डोक्यावरच्या साधारण लाखभर केसांचं प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग थांबतो, साधारण तीन महिने नुसता मुळात बसून राहतो आणि गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं हे नॉर्मल आहे. पण १९९१ मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमधल्या १४ पुरुषांवरचा एक अभ्यास आला. वाढत्या अवस्थेतल्या केसांचं प्रमाण मार्चमध्ये ९० टक्क्यांच्या वर, मग उतरत उतरत सप्टेंबरात सगळ्यात कमी. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास गळती सर्वांत जास्त. म्हणजे ऋतूंची पुसट आठवण आपल्या टाळूत अजून शिल्लक आहे. (ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग मी मार्चपर्यंत थांबू का?" थांब म्हटलं, अजून गोष्ट संपली नाही.)

आता मुख्य प्रसंग. २००४, जर्मनीतलं येना शहर. टोबियास फिशर आणि सहकाऱ्यांनी केस विरळ होत चाललेल्या ४० बायका निवडल्या. काहींना ०.१ टक्का मेलाटोनिनचं द्रावण, काहींना मेलाटोनिन नसलेलं तसंच द्रावण. रोज एक मिलिलिटर टाळूला, सहा महिने. कुणाच्या बाटलीत काय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. मोजमाप कसं? केसांचा एक पुंजका मुळासकट उपटायचा, सूक्ष्मदर्शकाखाली मुळं बघायची, वाढणारी किती आणि थांबलेली किती ते मोजायचं. डोक्याच्या पुढून एकदा, मागून एकदा. उपटून घेणाऱ्या त्या चाळीस जणींना माझा नमस्कार.

निकाल असा. ४० पैकी २८ जणींची गळती सबंध डोक्यावर पसरलेली होती. त्यांच्यात डोक्याच्या पुढच्या भागात वाढत्या केसांचं प्रमाण मेलाटोनिनने वाढलेलं दिसलं. उरलेल्या १२ जणींना अनुवंशिक टक्कल होतं, आणि त्यांच्यात फरक दिसला तो डोक्याच्या मागच्या भागात.

इथे मी पाणी प्यायला उठलो. पुन्हा वाचून बघितलं. मागच्या भागात. अनुवंशिक टक्कल पडतं पुढे, भांगात, माथ्यावर. मागचे केस शाबूत राहतात. हेअर ट्रान्सप्लांटवाले केस घेतात ते तिथूनच. म्हणजे जिथे दुखणं होतं तिथे फरक सिद्ध झाला नाही, आणि जिथे बऱ्यापैकी ठीक होतं तिथे झाला. शिवाय १२ जणी, त्याही दोन गटांत वाटलेल्या. फिशर यांचा दोष नाही यात, त्यांनी शीर्षकातच ही प्राथमिक चाचणी आहे असं लिहिलंय. प्राथमिक चाचणीचं काम असतं, "पुढे जाऊन बघायला हरकत नाही" एवढं सांगणं. आणखी एक गोष्ट त्यांनी नीट तपासली होती. टाळूला लावलेलं मेलाटोनिन रक्तात थोडं पोहोचतं, पण रात्री शरीर स्वतः बनवतं त्या पातळीच्या वर जात नाही.

पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, याच विषयाला जोर देणारी एक सुंदर गोष्ट सापडली. केसाचं मूळ स्वतःच मेलाटोनिन बनवतं. मेंदूतल्या ग्रंथीवर अवलंबून न राहता, तिथल्या तिथे. ते तिथे काय करतं? एक अंदाज असा की ऊन, प्रदूषण, वय यांनी पेशींवर जो ताण येतो तो ते शोषून घेतं. अंदाज चांगला आहे. प्रयोगशाळेत त्याला आधारही आहे. पण 'मुळाला मेलाटोनिन लागतं' आणि 'वरून ओतलं की टक्कल भरतं' या दोन वाक्यांमध्ये बरंच अंतर आहे, आणि जाहिरात नेमकी त्या अंतरावरून उडी मारते.

आता ताईच्या बाटलीवरचा आकडा: "१८०० हून अधिक लोकांवर सिद्ध". हा आकडा खोटा नाही. तो आला २०१२ च्या एका पेपरमधून, फिशर यांचाच, पाच चाचण्या एकत्र मांडणारा. गंमत म्हणजे तो छापला गेला आपल्याकडे. इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी हे हेअर रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाचं नियतकालिक, आणि तेव्हा ते काढणारी मेडनो ही प्रकाशनसंस्था मुंबईची. येनाची गोष्ट मुंबईमार्गे ताईच्या बाथरूममध्ये आली म्हणायची.

त्या पाचांतली सर्वांत मोठी चाचणी जर्मनीतली, २०० केंद्रं, १८०० हून जास्त माणसं, तीन महिने. कसोटी साधी: डॉक्टर केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढतात, किती केस हातात येतात ते बघतात. सुरुवातीला ६१.६ टक्के लोकांचे केस ठळकपणे निघत होते. तीन महिन्यांनी असे फक्त ७.८ टक्के उरले. ऐकताना भारी वाटतं ना? मलाही वाटलं. मग शोधायला गेलो की दुसऱ्या गटाचं काय झालं, ज्यांना नुसतं पाणी दिलं. दुसरा गट नव्हता. सगळ्यांना मेलाटोनिनच दिलं होतं, आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

यात काय बिघडलं, हे मला ताईला समजावून सांगायचं होतं, आणि तिचंच उदाहरण त्यासाठी अगदी चपखल होतं. गरोदरपणात हार्मोन्समुळे केस गळायचे थांबतात, वाढत्या अवस्थेतच अडकून राहतात. म्हणून सातव्या महिन्यात तिचे केस एवढे दाट दिसत होते, डोहाळजेवणात सगळ्या जणी हात लावून बघत होत्या. बाळंतपणानंतर ते सगळे साचलेले केस एकदम थांबतात आणि दोन-चार महिन्यांनी एकदम गळतात. ताप, ऑपरेशन, मोठा धक्का यांनंतरही असंच होतं. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराला टेलोजेन एफ्लुव्हियम असं नाव दिलं. आणि तो बहुतेकदा आपोआप थांबतो. बाळंतिणींचा साधारण वर्षभरात.

आता विचार करा, माणूस सीरम कधी विकत घेतो? गळती सर्वांत जास्त असते तेव्हा. टॉवेलवर १३७ मोजल्यावर. तिथून पुढे बऱ्याच जणांचा आकडा खालीच येणार असतो, बाटलीत मेलाटोनिन असो, खोबरेल असो की काही नसो. थांबलेला केस गळायला तीन महिने लागतात, आणि चाचणी होती तीन महिन्यांची. १८०० जणांत असे किती होते ते आता कुणी सांगू शकणार नाही, कारण तुलनेला दुसरा गटच ठेवला नव्हता. १८०० चा आकडा मोठा आहे म्हणून पुरावा मोठा होत नाही. येनाच्या ४० जणी मला या १८०० पेक्षा जास्त सांगून गेल्या.

कुणी म्हणेल, मिनॉक्सिडिलचंही तसंच ना, तेही अपघातानेच आलं. हो, अपघातानेच. ते रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या कपाळावर, हातांवर केस यायला लागले, म्हणून ते डोक्यावर लावून बघितलं. पण फरक असा की तिथे केस आधी माणसांवर उगवले, मग नकली औषधाच्या गटाशी तुलना करून मोठ्या चाचण्या झाल्या, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत टकलावर त्याला परवानगी मिळाली. फिनास्टराइडला १९९७ मध्ये, पुरुषांसाठी. त्या यादीत मेलाटोनिन आजही नाही. आणि हो, झोपेची गमी खाऊन केस वाढवायला बघत असाल तर: केसांवरच्या ज्या चाचण्या मी सांगितल्या, त्या सगळ्या टाळूला लावायच्या द्रावणाच्या. गोळीची त्यात एकही नाही.

माझं मत विचाराल तर मेलाटोनिन भंपक नाही. शंभर वर्षांत ते तीनदा माणसाच्या कातडीच्या दारात येऊन उभं राहिलंय. एकदा बेडकाकडून, एकदा वीझलकडून, एकदा केसाच्या मुळातून. दर वेळी कारण खरं होतं. पण २००४ नंतर जी मोठी, दोन गटांची, लांबची चाचणी व्हायला हवी होती, ती होण्याआधी बाटली बाजारात आली. आणि बाटली एकदा खपायला लागली, की चाचणीवर पैसे कोण घालणार? हा प्रश्न मला रिलीजच्या आधी टेस्टिंग कापणाऱ्या प्रत्येक मीटिंगमध्ये पडतो, ते असो.

रविवारी ताईला फोन करून हे सगळं सांगितलं, यापेक्षा थोडं कमी नावं घेऊन. पलीकडे भाची रडत होती. ताईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पैसे वाया गेले?"

म्हटलं, तसं नाही सांगता येत. आधी तुझ्या डॉक्टरांना विचार, तू बाळाला पाजतेयस. रक्त तपास, लोह आणि थायरॉइड बघायला सांग. आणि अशी गळती आपोआप कमी होण्याची शक्यता चांगली आहे.

"तू हे आधी सांगितलं असतंस तर मागवलं नसतं."

"तू आधी विचारलं कुठे?"

"बरं."

तिने विचारलं डॉक्टरांना. लोह कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. परवा रात्री पुन्हा टॉवेलचा फोटो. आकडा: ९१. मी लगेच विचारलं, सीरम बंद केलंस ना? उत्तर आलं, "लावतेय की. बाटली आहे तर संपवते."

म्हणजे आता लोह, सीरम आणि सरलेले तीन आठवडे, सगळं एकाच टॉवेलवर.